घुमटाला धग

आमचा पंप दुरुस्त करणारा मेस्त्री पंप उघडण्याआधी त्याला कान लावून ऐकतो. बोलतो अगदी मोजकं.

थंडीत पार्से गावात एका अंगणात मैफल होती. गिटार घेऊन लोकगीतं गाणारी पणजीची मंडळी आली होती. मेस्त्री माझ्याशेजारी बसला होता. दवानं त्यांच्या घुमटाचं, म्हणजे मातीच्या मडक्यासारख्या तालवाद्याचं, कातडं सैल पडलं, त्याचा आवाज बसला. गायक म्हणाला, "हे गाणं सोडू या."

"सोडतास कित्याक?" म्हणत मेस्त्री उठला. त्यानं घुमट शेकोटीवर फिरवलं, बोटानं ठोकून ऐकलं.

"मग तुम्हीच वाजवा," गायक हसत म्हणाला.

मेस्त्री खरंच वाजवायला बसला. गिटारवाला त्याच्या हातांकडे बघत ताल धरू लागला. टाळ्या थांबायच्या आतच मेस्त्रीनं विचारलं, "आता दुसरं गाणं खंयचं?"