दारावरचे नाव कोणी घासले?

सुज्ञ मित्रहो, आज अस्मादिकांचा क्रोध अनावर झाला आहे.

ज्यातून आमची संत्री पारशिवनीहून कळमन्याच्या बाजारात जात, तो वडिलांचा एक टनी जुना ट्रक मी जीर्णोद्धारार्थ पेंटरकडे सोपवला होता. आज्ञा एकच: दारावर वडिलांनी स्वहस्ते रंगवलेल्या नावास स्पर्श करू नये.

आज पाहतो तो दार आरशासारखे चकचकीत आणि नाव अंतर्धान पावलेले!

पेंटर म्हणाला, "काहून चिडून राहिले गा भाऊ? अक्षर वाकडं होतं, घासून टाकलं. रेडियमचं सरळ नाव लावून देतो तुमाले!"

महाशय, वडिलांचे अक्षर वाकडेच होते. तेच तर जतन करायचे होते.

ग्रामस्थहो, तुमच्या कित्येक वराती याच ट्रकमधून गेल्या. कृपया लग्नाचे अल्बम उघडा. वरामागे ते दार दिसते काय?