मी गाळलेल्या चार ओळी

आमच्या गडचिरोलीच्या घरी सकाळी आधी वाचन, मग चहा. बायबलातल्या नव्या कराराचा रोज एक अध्याय, शेवटचा संपला की पुन्हा पहिल्यापासून. वाचायचं मी, कारण सासूबाई शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या आणि माझ्या नवऱ्याला नेमका त्याच वेळी चष्मा सापडत नसे. इथवर सगळं बाकीच्या ख्रिस्ती घरांसारखंच. वेगळा होता तो सासूबाईंचा नियम. ऐकलेल्या वचनातलं एक तरी दिवस मावळायच्या आत करायचं. "नुसतं आयकून काय होते? रेडिओ बी आयकतोच ना आपन," असं त्या म्हणायच्या.

त्यामुळे वाचन म्हणजे माझ्या दिवसभराच्या कामाचा हुकूमच. आजाऱ्याची भेट घ्या असं आलं, की शेजारच्या शिलाईवाल्या चाचींकडे पेज घेऊन जायचं मी. भुकेल्याला जेवू घाला आलं, की भात दुप्पट आणि तो शिजवायचा मी. एकदा शिष्यांचे पाय धुण्याचा अध्याय आला. आज नवऱ्यानं बायकोचे पाय धुवायचे, असं सासूबाईंनी ठरवलं, तर हा पठ्ठ्या डबा न घेताच ऑफिसात पळाला! खोटं कशाला बोलू, मला वंशावळीचा अध्याय फार आवडायचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी. त्यात करण्यासारखं काही नसायचं.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

माझी नणंद नागभीडला दिलेली. ती फटकळ, आणि मी तिच्याहून. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं, मंडळीची पन्नासेक माणसं अंगणात, पाळकसाहेब पहिल्या पंगतीत. नणंदेनं वरण ओतून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, दाळ टाकली का नुसती दाखवली?" सगळे हसले. मी पहाटेपासून चुलीपाशी उभी. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आवडत नसन तं आपल्या घरी जाऊन खा, ताई. माह्या दारात पुन्हा येऊ नका."

माझ्या दारात! ती त्याच दारातून लग्न होऊन गेली होती. ताट तसंच ठेवून उठली, हात धुतला आणि दुपारच्या एसटीनं निघून गेली. त्यानंतर आली नाही. आईला रोज फोन करायची, पण मी उचलला की ठेवून द्यायची. सासूबाईंचे गुडघे गेलेले, बसची पायरी त्यांना चढवत नसे. म्हणजे मायलेकींची भेट माझ्या एका फोनवर अडली होती. "ताई, चुकलं माझं, या," एवढंच म्हणायचं होतं. मला हे पक्कं कळत होतं आणि मी ते करत नव्हते.

सासूबाई मला यावरून एका शब्दानं बोलल्या नाहीत. नवरा एकदोनदा बोलला, त्याला मी गप्प केलं.

मग पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, तो अध्याय आला. डोंगरावरचा उपदेश. वाचणाऱ्याचे डोळे जिभेच्या दोन ओळी पुढे असतात, त्यामुळे काय येणार ते मला आधी दिसलं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, अशा अर्थाच्या त्या चार ओळी. आज फोन लावावा लागणार, तोही दिवस मावळायच्या आत. सासूबाई समोर डोळे मिटून बसलेल्या. मी त्या चार ओळी गाळल्या आणि पुढची ओळ धरली. आवाजसुद्धा हलला नाही माझा. हे लिहिताना आज तोंड लपवावंसं वाटतं, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

"झाला अध्याय?" सासूबाईंनी विचारलं.

"झाला."

"पुरा?"

"हो, पुरा."

त्या जरा वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, चहा मांड." त्या रविवारी उपासनेत अर्पणाची थैली माझ्यापुढे आली तेव्हा मी नेहमीसारखी नोट टाकली आणि थैली शेजारणीकडे सरकवली.

नऊ महिन्यांनी, मोहफुलं पडत होती तेव्हा, तो अध्याय फिरून आला. पुन्हा मी त्याच चार ओळी गाळल्या. या वेळी तर आदल्या रात्रीच पान पाहून ठेवलं होतं. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, पुरा झाला का. मी पुन्हा हो म्हटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सासूबाई विसरायला लागल्या. आधी चहात मीठ गेलं, मग घरातल्या घरात न्हाणीघर सापडेना. दिवाळीपर्यंत त्या मला "अवो बाई" म्हणायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. नवऱ्यानं मला न विचारता बहिणीला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती आली.

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, चपला पायातच. "येऊ काय?" असं तिनं मला विचारलं. स्वतःच्या आईच्या घरात यायला तिनं माझी परवानगी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "या ना," मी म्हटलं.

सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं, पाहुण्या बाईकडे पाहावं तसं. "बसा बाई. कोन्या गावच्या तुमी?"

नणंद म्हणाली, "नागभीडची."

"नागभीडले माही पोरगी हाय," सासूबाई म्हणाल्या. "भेटली तं तिले सांगजा, आई वाट पाहून राह्यली."

नणंद "सांगतो" म्हणाली. रडली नाही. आईचे पाय मांडीवर घेऊन तिनं तासभर तेल चोळलं, तेवढा वेळ सासूबाई त्या परक्या बाईला लेकीच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. ती आत आली, माठातलं पाणी घेतलं आणि सहज म्हणाली, "म्या यायलेच पायजे होतं, वहिनी. पन आईनंच थांबवलं. फोनवर म्हने, वहिनीले मी सांगनार नाई, सुनेले सांगून केलेलं मनातून नसते. वाचन चालू हाय, समेटाचं वचन येईन, त्या दिवशी वहिनी सोताच फोन करन. मी दर वेळी विचारो, आई म्हने, अजून नाई आलं."

ओळी गाळल्या हे सासूबाईंना कळलं होतं आणि त्यांनी लेकीपाशी माझी अब्रू सांभाळली, की त्या खरंच फसल्या होत्या? हे आता मी कोणाला विचारू? त्या पलीकडच्या खोलीत बसल्या होत्या आणि विचारायची सोय राहिली नव्हती.

झाकून ठेवता आलं असतं. नणंदेला काही ठाऊक नव्हतं. पण मला ते गिळवेना. मी म्हटलं, "आलं होतं, ताई. दोनदा आलं. म्याच वाचलं नाई. मुद्दाम."

तिनं पेला खाली ठेवला.

"कवा?"

"पयल्यांदा रोवणीत. मंग मोहफुलाच्या वेळी."

ती मला काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निदान ओरडेल म्हणून मी वाट पाहत होते. ती खिडकीबाहेर पाहत मनाशी महिने मोजत होती.

"मोहफुलाच्या वेळी," ती म्हणाली, "आई मले वळखत होती."