केनोराच्या वाटेवरची चौथी जागा

प्रल्हाद तांडेल यांना मी कधी मासे विकत घेताना पाहिलं नाही. एवढी तळी असलेल्या मिनेसोटात दुकानातून मासा आणायचा म्हणजे विहिरीच्या काठी राहून पाणी विकत घ्यायचं, असं ते म्हणत. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून, उलट्या बादलीवर बसून ते तासन् तास गळ टाकत. कानटोपीवरून मफलर गुंडाळलेला असे आणि आत बायकोने विणलेला स्वेटर. त्या थंडीत मी गाडीतून उतरत नसे. काच अर्धी खाली करून हात हलवायचा आणि पुढे जायचं.

ते उरणजवळच्या करंजा गावचे कोळी. तरुणपणी मालवाहू जहाजावर फिटर होते आणि जहाजाबरोबर एकदा ड्युलुथ बंदरात आले होते. पुढे रीतसर कागद करून ते मिनियापोलिसला आले आणि माझ्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट म्हणून लागले. मी वरच्या मजल्यावरचा डिझाइन इंजिनिअर. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. ते मला विनयराव म्हणत. मी काढलेलं ड्रॉइंग चुकलं असेल तर ते जिना चढून वर येत, हळूच कानात सांगत आणि खाली जात. चारचौघांत त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही. हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवायला हवं. मी मात्र ते विसरलो होतो.

मिनियापोलिसच्या ईडन प्रेरी उपनगरातल्या आम्हा मराठी घरांत त्यांना मान होता, पण बेताचा. उन्हाळी पिकनिकला त्यांच्या बायकोने, शोभाकाकूंनी, सोड्यांची खिचडी आणली, तेव्हा ती टेबलाच्या पार टोकाला सरकवली गेली. सरकवणारी माझी बायको नंदा होती आणि शेजारी उभा राहून हसणारा मी होतो. आम्ही घरात शाकाहारी आणि ऑफिसच्या पार्टीत उदार, अशा जातीचे. काकूंनी ते पाहिलं, आणि घरी जाताना स्वतःचं पातेलं स्वतःच उचलून नेलं. त्यात खिचडी जवळजवळ तशीच होती.

तर १९८५ चं साल. आमचा बॉस रॉजर दर जूनमध्ये कॅनडात मासेमारीला जायचा. चार माणसं, एक व्हॅन, चार दिवसांसाठी भाड्याची केबिन. त्यांचा एक रिवाज होता. कुठे जायचं ते दरवर्षी एकाने ठरवायचं, आणि जो ठरवेल त्यानेच चौथा माणूस आणायचा. त्या वर्षी रॉजरने पहिल्यांदाच मला बरोबर घेतलं आणि ते काम माझ्यावर टाकलं. सहा वर्षं मी ज्या दारापाशी ताटकळत होतो ते एकदाचं उघडलं, असं मला वाटलं. पण मला माशातलं ओ का ठो कळत नव्हतं. कॅनडाचा नकाशा उघडला आणि घाबरलो. ओंटारिओ नावाच्या एका प्रांतातच तळी इतकी, की जमीन मधूनमधून चुकून राहून गेल्यासारखी दिसत होती.

मी तांडेलकाकांकडे गेलो. पुढचे तीन रविवार त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले होते, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून. त्यांनी कॅनडातल्या केबिनवाल्यांना पत्रं लिहून तळ्यांच्या खोलीचे नकाशे मागवले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिकडे फोन केले. मासे कुठे मिळतात, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. बर्फ कधी वितळतो, वारा कुठून येतो आणि नदी तळ्याला कुठे मिळते, एवढंच विचारलं. मासे कुठे मिळतात याचं उत्तर जो तो आपल्या धंद्याचं देणार, असं त्यांचं म्हणणं. एक प्रसिद्ध तळं त्यांनी गर्दीचं म्हणून खोडलं, एक फार उथळ म्हणून. शेवटी केनोरा गावाच्या उत्तरेचं, नकाशावर नखाएवढं दिसणारं थ्री पाइन्स नावाचं तळं त्यांनी धरलं. नदीच्या मुखाशी एक फुली मारली आणि बेटामागे दुसरी. जूनच्या मध्यावर वॉलाय मासा वाहत्या पाण्याकडे तोंड करून पहिल्या फुलीवर असणार, आणि वारा फिरला तर दुसरीवर जायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की मला राहवलं नाही.

"चला की तुम्हीही आमच्याबरोबर," मी म्हणालो.

आता हे वाक्य काय होतं ते सांगायला हवं. मी पुण्याचा. आमच्याकडे दारातून निरोप देताना 'या एकदा जेवायला' म्हणतात. ऐकणाराही 'येऊ की' म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असतं की कोणी येणार नाही. माझं 'चला की' त्याच टाकसाळीतलं होतं. पण करंज्याला 'उद्या ये होडीवर' म्हटलं की माणूस पहाटे किनाऱ्यावर हजर असतो, आणि तो आल्याशिवाय होडी सुटत नाही. काका स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "शोभा, मी कॅनडाला जातोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार दिवसांची रजा टाकली. इतक्या वर्षांत बोटीत बसून गळ टाकायला त्यांना कुणी नेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मी काय केलं? रॉजरच्या शेजारी बसून काका त्यांच्या इंग्रजीत बोलताहेत, सुक्या बोंबलांचा डबा उघडताहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि ते मला नको झालं. मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या गिरीशला फोन केला. गिरीश माझा कॉलेजमधला मित्र, मोठ्या कंपनीतला, झकास इंग्रजी बोलणारा. गळ कुठल्या टोकाने धरतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. चौथी जागा मी त्याला दिली.

काकांना मी सांगितलं की तुमचा पासपोर्ट अजून भारतीय, कॅनडाचा व्हिसा लागेल आणि त्याला दोन महिने जातात. हे खरं की खोटं, मी विचारलंसुद्धा नव्हतं. मला ते खरं असण्याची गरज नव्हती. "मग इलाज नाही," ते म्हणाले, आणि उलट माझीच समजूत घातली की वाईट वाटून घेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी दुपारपासून त्यांचे तीन फोन आले. मी घरी नाही असं सांगायला नंदाला बजावून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता माझ्या घरासमोर व्हॅन उभी होती. रॉजर स्टिअरिंगवर, त्याचा मित्र डेल शेजारी, मागे गिरीश. मी शेवटची पिशवी चढवत होतो तेवढ्यात काकांची जुनी गाडी येऊन थांबली. ते उतरले. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात गळाची काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू.

"विनयराव, काम झालं," ते म्हणाले. "व्हिसा लागतच नाही. ग्रीन कार्डावर सोडतात. काल अर्धी रजा काढून वकिलातीत जाऊन आलो. बाईंनी लिहून दिलंय."

डबा काखेत धरून खिशातून त्यांनी तो कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. माहिती चुकीची मिळाल्यामुळे मीच फसलो होतो, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. मला सोडवायला ते आले होते. मग त्यांची नजर व्हॅनमध्ये गेली. त्यांनी माणसं मोजली असावीत. मागच्या सीटवर गिरीश नवीकोरी टोपी घालून बसला होता, टोपीला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

रॉजरने खिडकीतून डोकं काढून विचारलं की हे कोण. आणि मी, ज्याने त्या माणसाचे तीन रविवार वापरून घेतले होते असा मी, इंग्रजीत म्हणालो की आमच्या वर्कशॉपमधला माणूस आहे, नकाशा द्यायला आलाय.

काकांचं इंग्रजी तेवढं समजण्याइतकं नक्कीच होतं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. डबा आणि काठी खाली ठेवून ते गाडीकडे गेले, फुल्या मारलेला नकाशा काढून आणला आणि रॉजरच्या हातात दिला.

"येस सर," ते म्हणाले. "ओन्ली टू गिव्ह द मॅप."

एवढं मोठं खोटं ते त्यांच्या आयुष्यात बोलले नसतील, आणि ते माझ्यासाठी बोलले. मला वर बघवेना. त्यांच्या बुटांकडे बघत राहिलो. नवेच होते ते.

थ्री पाइन्सवर पहिल्या फुलीपाशी दीड दिवस मासे लागत राहिले. मग वारा फिरला, आम्ही बेटामागे गेलो, तिथेही लागले. रॉजरने माझी पाठ थोपटली आणि अशी जागा आजवर कोणी निवडली नव्हती म्हणाला. मी थँक यू म्हणालो. तेव्हाही नाव घेतलं नाही. लाज वाटत होती, पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर आहे, एवढं तिथे शिकलो.

परत आल्यावर माझ्या वाट्याचे सहा मासे बर्फात घालून त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती. काकांनी दार उघडलं, पेटी घेतली, एका माशाचे कल्ले उचलून पाहिले. कोणत्या फुलीवर मिळाले, वारा कधी फिरला, हे विचारलं. दुसरं काहीच विचारलं नाही, त्यामुळे माझी वाक्यं तशीच राहिली. मी निघालो तसे ते दारापर्यंत आले.

"रविवारी जेवायला या, विनयराव," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, खरंच या."

सहा वर्षांत त्यांनी मला कितीदा तरी जेवायला बोलावलं होतं. 'खरंच' म्हणायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. ती सवय त्यांना मी लावली होती.