खिडकीजवळचं उष्टावण

सौंसरची करुणा आधी लग्नांचे फोटो काढायची. बहिणीच्या मुलीला पहिला दात आला तेव्हा तिने दारातल्या सकाळच्या उजेडात तिचा एक फोटो काढला आणि तो पाहून ओळखीतले लोक तिला घरी बोलवायला लागले. कुणाचं पोर पालथं पडलं, कुणाचं रांगायला लागलं, की करुणाला फोन. ती गेली की घरातले दिवे बंद करायची, खिडकीचा पडदा सारायची आणि फरशीवर मांडी घालून बसायची. पोराला हसव, नाचव असं काही ती करत नसे. पोर आपलं आपण जे करेल ते टिपायचं, एवढंच.

पांढुर्ण्याच्या रघुनाथरावांनी नातवाच्या उष्टावणाला तिला बोलावलं. संत्र्याच्या व्यापारातलं मोठं घर, पाहुण्यांनी भरलेलं. करुणाने पाट खिडकीपाशी मांडायला लावला. अश्विनी, म्हणजे बाळाची आई, त्याला मांडीवर घेऊन बसली. बाळाच्या मामाने अंगठी खिरीत बुडवून त्याच्या ओठांना लावली. बाळाने जीभ बाहेर काढली, डोळे बारीक केले आणि सगळा चेहरा आक्रसून घेतला. खिडकीतला उजेड बरोबर त्याच्या गालावर होता. करुणाला हवा होता तो फोटो मिळाला.

अश्विनीच्या नवऱ्याने, प्रतीकने, तो कॅमेऱ्यात पाहिला आणि म्हणाला, "हे कायचं? तोंड वाकडं करून राहिला तो. हसला पाह्यजे."

मग पुन्हा खीर. बाळ हसलं नाही. तिसऱ्यांदा त्याने मान फिरवली, तर आत्याने दोन बोटांनी गाल दाबून तोंड उघडलं आणि चमचा आत सारला. खीर हनुवटीवरून गळ्यात उतरली, जरीचं झबलं चिकट झालं. झबलं बदललं, पावडर लावली, बाळाला पुन्हा पाटावर आणलं. खिरीत मिसळलेला पावडरचा वास करुणाच्या नाकात बसला. ती म्हणाली की पहिला फोटो चांगला आला आहे, आता पुरे. कुणी ऐकलं नाही. एक पाहुणी वाटी वाजवत होती, दुसरी टाळ्या. प्रतीक मोबाइलवर सगळं घेत होता.

बाळाला उबळ आली. आधी नाकातून आलं, मग भडभडून अश्विनीच्या पदरावर. श्वास घ्यायला ते धडपडत होतं आणि खोलीत हशा पिकला. प्रतीकने मोबाइल आणखी जवळ नेला. आत्या म्हणाली, पुसून घ्या, आता पोट रिकामं झालं, आता खाईल.

करुणाला शिसारी आली. ओकारीची नव्हे; लेकरांच्या ओकाऱ्या तिने कितीतरी पुसल्या होत्या. हे सगळं आपल्या कॅमेऱ्यासाठी चाललंय, याची आली. तिने लेन्सला झाकण लावलं.

"मी आता काढत नाही. त्याचं पोट भरलं."

रघुनाथराव शांतपणे म्हणाले, "ताई, पोट त्याचं हाय, कार्यक्रम आपला हाय. तुम्ही काढा."

करुणाने बॅग उचलली. अश्विनीही उठली आणि कुणाकडे न पाहता बाळाला आत घेऊन गेली. बाहेर येऊन करुणाने रस्त्यावरच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. तरी सौंसरच्या बसमध्ये तो वास तिला येतच राहिला.

तिने त्यांना तो एकच फोटो पाठवला. प्रतीकने मात्र ओकारीचा व्हिडिओ हसण्याचा आवाज जोडून इंटरनेटवर टाकला. सौंसरच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईने तो करुणालाच दाखवला आणि खदखदा हसली. पुढे एका घरातून फोन आला, आमच्या पोरीचंही तसंच काही मजेदार करून द्या. करुणाने नाही म्हटलं. मोठ्या घरांतली बोलावणी कमी झाली. फार ताठ बाई आहे, असं तिच्याबद्दल पांढुर्ण्यात बोललं जाऊ लागलं.

महिनाभराने अश्विनीचा फोन आला. तिने प्रतीकशी भांडून तो व्हिडिओ काढून टाकायला लावला होता, पण तोवर तो गावभर फिरला होता. मग ती म्हणाली, "चमचा दिसला का तोंड घट्ट मिटते तो. माह्या हातूनही खात नाही."

करुणा फोन कानाशी धरून बसली आणि पलीकडे बाळाचं रडणं ऐकत राहिली.