भावजींचा कंद, माझा वाफा

मला त्या झाडाचा राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

तुळजापुरात आमच्या घरामागचं परस दोन भावांत निम्मंनिम्मं आहे. निम्मं माझ्या नवऱ्याचं, निम्मं धाकट्या दिराचं. भावजींनी आपल्या निम्म्यात चारचाकी उभी राहावी म्हणून सिमेंटचे गट्टू बसवून घेतले आणि मातीचा विषय संपवला. आमच्या बाजूला मी वाफा ठेवला. नळाचं पाणी मर्जी होईल तेव्हा येतं, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून मी तो जगवते. मेथी, चुका, शेपू, चाकवत, करडई. पौषात शाकंभरी नवरात्राला आमच्याकडे घट बसतात, आणि पौर्णिमेला देवीपुढे मिळतील तेवढ्या भाज्यांचा नैवेद्य असतो. लग्न होऊन आल्यापासून त्या ताटातली पालेभाजी माझ्या हातची, माझ्या वाफ्यातली. या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नाही. स्वयंपाकघरसुद्धा अजून सासूबाईंच्या पद्धतीनं चालतं, त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी.

त्या वाफ्यावर एका जेठात भावजी पिशवी घेऊन आले. पुण्याच्या कुठल्याशा शेतीच्या प्रदर्शनातून आणलेले, आल्यासारखे वेडेवाकडे कंद.

"जेरुसलेम आर्टिचोक," ते म्हणाले. "वहिनी, शुगरला लई चांगलं. तुमच्या वाफ्यात चार लावतो."

"तुमच्याकडं लावा की."

"आमच्याकडं माती कुठं आहे?"

नवरा म्हणाला, "जाऊ दे, भाऊच आहे." हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं सगळ्यात पडतं.

भावजींचे चार म्हणजे अख्खा वाफा. श्रावणात ती झाडं माझ्या डोक्यावर गेली. भाद्रपदात सूर्यफुलासारखी पण बारकी पिवळी फुलं आली आणि गल्लीतल्या बायका फोटो काढायला येऊ लागल्या. भावजी माझ्या वाफ्यात उभे राहून त्यांना माहिती सांगत. पाणी मी घालत होते, ते कुणी विचारलं नाही. कार्तिकात मेथी टाकायची वेळ झाली तशी मी म्हटलं, आता उपटा हे.

"झाड वाळल्याबिगर कंद भरत न्हाय, वहिनी. मेथीचं काय, बाजारात ढिगानं पडलीय."

पौषात घट बसले आणि कंद निघाले, पाटीभर. आमच्याकडे कुठल्याही नव्या खाण्याबद्दल पहिला प्रश्न एकच असतो, उपासाला चालतं का? निकाल भावजींनीच दिला. बटाटा चालतो, रताळं चालतं, साबुदाणा तर समुद्रापलीकडून आला, मग हेच का चालू नये? त्यांनी ऑफिसातली माणसं फराळाला बोलावली. मी म्हटलं, दिवसभराच्या रिकाम्या पोटी नवा कंद नको, आधी घरात थोडा खाऊन बघू.

"तुम्ही फक्त भाजी करा," ते म्हणाले.

केली. जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वर तूप. चव चांगली होती, खोटं कशाला सांगू. पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली.

आरतीला उभे राहिले आणि पोटं बोलायला लागली. आधी एकाचं, मग शेजारच्याचं. टाळ्या उगाच जोरात वाजू लागल्या. देवघर लहान, त्याला खिडकी नाही. भावजींचे साहेब आरती अर्धी टाकून अंगणात गेले, त्यांच्या मागून आणखी एक. भावजी घंटा हातात घेऊन घामाघूम. मला मनापासून हसू येत होतं. पण कापूर विझला आणि भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनींनी भाजी कच्ची ठेवली."

नवरा आरतीच्या ताटाकडे बघत राहिला.

पौर्णिमेला नैवेद्याची मेथी बाजारातून आली, सुतळीनं बांधलेली, कडेची पानं पिवळी पडलेली. ती निवडताना मी रडले. दुःखानं नाही, रागानं.

दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन वाफा खणला. उरलेले कंद बादलीत भरले आणि ती भावजींच्या दारात नेऊन ठेवली. "तुमचा माल," एवढंच म्हणाले. त्यांनी बादली गट्टूंच्या कडेला, भिंतीपाशी उपडी केली, वर पालापाचोळा ढकलला आणि विसरून गेले.

पावसाळ्यात गट्टूंच्या फटींतून कोंब वर आले. भावजी शेंडे मोडत, कंद खालीच राहत, आणि आठवड्यात दाट गर्दी. खालच्या कंदांनी गट्टू एकेक करून उचलले. गाडी तिरपी उभी राहू लागली, मग रस्त्यावर. माझ्या वाफ्यातही कोंब येत होते, पण मी ते रोज सकाळी मुळापासून खणून काढत होते. मातीत वाकायची सवय मला आहे.

दसरा झाल्यावर मी मेथी टाकत असताना भावजी वाफ्याशी आले. पहिल्यांदाच आत पाय न टाकता कडेला उभे राहिले.

"वहिनी, हे मरतं कशानं?"

मी बियांवर माती ओढली. मान वर केली नाही.

"मरत न्हाय, भावजी. उपासाला चालतं. खावा."