भरीत पार्टीतलं बिननावाचं मत

आमच्या जळगावच्या कॉलनीतले एक भाऊ बादलीवर, शिडीवर, अगदी खराट्यावरसुद्धा ऑइलपेंटनं स्वतःचं नाव घालतात. एसटीत कंडक्टर आहेत. घरी आलेल्या पाहुण्यांनाही "पुढे सरका" म्हणतात. समोरच्या नर्सबाईंशी त्यांचं पार्किंगवरून बोलणं बंद आहे.

यंदा भरीत पार्टीचा दिवस ठरवायला मी कॉलनीच्या ग्रुपवर मतदानाची लिंक टाकली. शनिवार आणि रविवार बरोबरीत अडकले. भाऊंचं मत तेवढं राहिलं होतं. ते फोन घेऊन माझ्याकडे आले.

"नाव टाकावंच लागते का भो?"

"नाही, सक्ती नाही."

त्यांनी नावाची जागा कोरी सोडली आणि रविवार दाबला. रविवारी त्यांची ड्यूटी होती. सुटी होती नर्सबाईंना, ज्यांना आजवर एकाही पार्टीला येता आलं नव्हतं.

बाई आल्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला बसल्या, त्या उठायलाच तयार नव्हत्या.

संध्याकाळी भाऊ खाकी कपड्यांतच आले. बाईंनी झाकून ठेवलेलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. भाऊ माझ्यावरच ओरडले, "रविवार कोनी ठरवला रे भो? मले त ड्यूटी होती!"

"कोणास ठाऊक, भाऊ. नावच नाही टाकलं त्यानं."