यान गुरू ग्रहाजवळ अडकलं आहे

ठक, ठक, ठक. बोईसरला कामाला लागलो त्या पहिल्या सकाळी बंद बॉयलरच्या आतून हा आवाज आला होता. मी घाबरलो, आत माणूस अडकला की काय! आमचे मिस्त्री हसले. "अडकला नाय, नळ्या साफ करतोय. पाणी कितीही चांगलं असू दे, आत क्षार साचतातच."

किस्सेही तसेच साचतात. एका बॉयलरजवळ जन्म काढला की अधूनमधून ठोकून बाहेर काढावे लागतात. हे माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातले.

*

लॅबमधल्या वर्तकसाहेबांनी नवा ई-रीडर घेतला आणि जुना आम्हाला दिला. त्यात दर महिन्याला विज्ञानकथांचं मासिक यायचं. माझ्याबरोबर कोळसा टाकायला जानू होता, विक्रमगडकडचा, माझ्याच वयाचा. त्याने ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

"फोन लागतो काय?"

"नाही."

"गाणी?"

"नाही."

"मंग याला चार्जिंग कशाला लागतं? करतो काय हा दिवसभर!"

*

मी चौथी शिकलेला, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरं मोठी करता येतात हे कळल्यावर मी ती एवढी मोठी केली की पानावर सहाच शब्द मावायचे. जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचायचो, जानू ऐकायचा.

शाळेत बोट ठेवून वाचायला शिकलो होतो. इथे बोट ठेवलं की पान उलटायचं! पहिल्या दिवशी मी अर्ध्या तासात अख्खं मासिक संपवलं, आणि कथा एकही कळली नाही. दुसऱ्या दिवशी जानूने मला बोटाऐवजी एक काडी आणून दिली.

दुसऱ्या पाळीचा सोनवणे, खानदेशचा, भराभर वाचणारा. दारात उभा राहून म्हणाला, "काशीदादा, तुमचं यान उडेपर्यंत माझी पेन्शन चालू होईल!"

*

एका कथेत यानातली सगळी माणसं शंभर वर्षं झोपतात. जानूने मला थांबवलं.

"सगळी?"

"सगळी."

"मंग पाण्याच्या काचेकडं कोण बघतो?"

बॉयलरमध्ये पाणी किती ते दाखवणारी काच आम्ही पाळीभर नजरेआड होऊ देत नाही. मी मागची पानं परत वाचली. कुणीच बघत नव्हतं. लिहिणाऱ्याने एकही पाळी केलेली नाही, यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

*

पाळी बदलताना पाणी किती, स्टीम किती, हे येणाऱ्याला तोंडी सांगायचं आणि वहीत लिहायचं, ही बॉयलरची रीत. त्यात कथेची भर पडली. ई-रीडर एकच. आम्ही अर्धी कथा वाचली की सोनवणे तिथूनच पुढे सुरू करायचा. म्हणून सुरुवात आम्ही त्याला सांगायची.

एकदा सोनवणेने वहीत लिहिलं, "पाणी ठीक. स्टीम ठीक. यान गुरू ग्रहाजवळ अडकलं आहे, लक्ष ठेवणे."

मॅनेजरसाहेब रोज त्या वहीवर सही करतात. त्यांनी खाली लाल पेनाने लिहिलं, "ताबडतोब दुरुस्त करून घ्यावे."

*

कथा कुठलीही असो, जानू आधी एकच विचारायचा. "माणूस परत येतो काय? तेवढं सांग, मंग ऐकतो."

त्याचा मुलगा नरेश पाइपलाइनच्या कामाला लांब गेला होता. होळीला येतो म्हणाला होता. दोन होळ्या झाल्या. फोन लागत नव्हता.

"ऐक तर आधी," मी म्हणायचो.

*

त्या दिवशीच्या कथेत एक तरुण यानातून गेलेला, आणि त्याचा म्हातारा बाप रोज अंगणात बसून वर बघणारा. आदल्या दिवशी सोनवणेने ती पुरी करून टाकली होती. मी पानं मागे घेऊन पहिल्यापासून वाचली. जानूने त्या दिवशी एकदाही थांबवलं नाही.

शेवटच्या पानावर चारच शब्द होते. मी ते मनात दोनदा वाचले.

"काय झालं?"

"आला परत," मी म्हणालो. "बापाने ओळखलंच नाही. दाढी वाढली होती."

"वाढनारच! तिथं न्हावी कुठला?" जानू एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग माझ्या डब्यातली भाकरीसुद्धा त्याने खाल्ली. यंदा होळीच्या आधी घर सारवून घेतो म्हणाला. नरेशची खाट बाहेर काढून उन्हात टाकायची, हेही ठरलं.

तीन वाजता सोनवणे आला.

"पाणी?"

"ठीक."

"स्टीम?"

"ठीक."

"आणि ती गोष्ट वाचली का, दादा? काल संपवली, पण जिवाला चैन नाही. तो पोरगा परत यायला पाहिजे होता हो!"

जानू डब्याला फडकं बांधत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाठ पुरी बांधली. माझ्या मांडीवरचा ई-रीडर उचलला, त्याचं झाकण लावलं, रोजच्यासारखा कपाटात ठेवला. काडी त्याच्यावर ठेवली. आणि डबा घेऊन गेटकडे चालू लागला.